सतरा कलमांचा उन्हाळा

शनिवार, ४ मे १९७४. सायंकाळी साडेपाच. स्थळ: प्राथमिक शाळेतला इयत्ता चौथीचा वर्ग. हजर: बिराजदार वकील, अध्यक्ष. दस्तगीरभाई, टँकरवाले. नरसम्मा, महिला प्रतिनिधी. मी, सचिव. गैरहजर: तीन. एकाची चिठ्ठी आली, एक लग्नाला करमाळ्याला गेलेले, एकाचं कारण कळलं नाही. गणपूर्ती चारांची. ती झाली.

हे आठवून लिहिलेलं नाही, वहीतून उतरवलं आहे. माझ्याकडे वह्या असतात. शाळेची वेगळी, घराची वेगळी, आणि ही समितीची, निळ्या पुठ्ठ्याची. परवा ती कपाटातून काढावी लागली, कारण टपालानं एक पत्र आलं. शहरातली पाणीटंचाई लक्षात घेता नागरिकांची सल्लागार समिती नेमण्याचं ठरलं असून, आपला पूर्वानुभव पाहता आपण सदस्य व्हावं, अशी विनंती. पाच वर्षांपूर्वीचं पत्र मी त्याच वहीत डकवून ठेवलं होतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली. सही तेवढी वेगळी आहे.

एप्रिल संपत आला आहे. आमच्या सोलापूरचा उन्हाळा डोळ्यांआधी हाताला कळतो. दुपारी दाराची कडी धरवत नाही. सकाळी माठाला गुंडाळलेलं ओलं फडकं दहा वाजेपर्यंत पापडासारखं होतं. मागच्या बोळात यंत्रमाग दिवसभर खटखटत असतात, त्यांचा आवाज आपण ऐकेनासे झालेलो असतो. वीज जाते, सगळे माग एकदम थांबतात, आणि मग लक्षात येतं की कडुलिंबावर होला घुमतो आहे, आणि तो बहुतेक सकाळपासूनच घुमत होता. त्या शांततेत कुणीतरी अंगणात रिकामी बादली ठेवतं. रिकाम्या बादलीचा आवाज भरलेल्या बादलीपेक्षा फार मोठा असतो.

समित्यांचंही ऋतुमान असतं. मार्चमध्ये चर्चा सुरू होते, एप्रिलमध्ये पत्रं येतात आणि बैठका सुरू होतात, मे महिन्यात ठराव होतात, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जरा आभाळ भरून आलं की समितीला कुणी विचारत नाही. मी त्या वर्षी त्रेचाळीस वर्षांची होते. मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. मला सचिव केलं ते अक्षर चांगलं म्हणून. मी मात्र समजत होते की माझी शिस्त बघून केलं.

नरसम्मा समितीत कशी आली, ते सांगायला हवं. वॉर्डात एक जाहीर सभा झाली होती. पाणीखात्याचे इंजिनिअर वेळापत्रक समजावून सांगत होते. मागून एक बाई उठली. काळीसावळी, किडकिडीत, पस्तिशीची, पदर कमरेला खोचलेला.

"साहेब, तुमी आंघोळ किती वाजता करता?"

सभा हसली. इंजिनिअर भला माणूस होता. म्हणाला, "सकाळी सहाला."

"मग आमचं पाणी दहाला कशाला सोडता?"

त्या हशात कुणीतरी तिचं नाव लिहून घेतलं. समितीत एक बाई विणकर वस्तीतली हवी होती. जागा भरली.

नरसम्माचा प्रश्न आंघोळीचा नव्हता. तिच्या बोळात एकच सार्वजनिक नळ, आणि त्याला पाणी सकाळी दहा ते अकरा. बोळातली माणसं मागावर, बायका विड्या वळणाऱ्या. या बायकांनी आदल्या दिवशी वळलेल्या विड्या घेऊन सकाळी दहालाच कारखान्याच्या ब्रँचला जायचं असतं. तिथं विड्या तपासून घेतात, वाईट त्या छाट म्हणून बाजूला टाकतात, आणि दुसऱ्या दिवसासाठी पान नि तंबाखू देतात. उशिरा गेलं की तळातलं फाटकं पान वाट्याला येतं. फाटक्या पानाची विडी नीट होत नाही, मग दुसऱ्या दिवशी छाट जास्त. म्हणजे पाण्याच्या रांगेत उभं राहिलं तर पान वाईट, आणि चांगलं पान घेतलं तर घागर रिकामी. रोज सकाळी बोळातल्या प्रत्येक घरात हा हिशेब होई, आणि उत्तर रोज चुकलेलंच येई.

त्यावर उपाय काय, तर वेळ बदलायची. दहाऐवजी सात. त्यासाठी नवा नळ नको, खोदाई नको, सिमेंट नको. पाणी सोडणारा चावीवाला होता, त्यालाही नरसम्मानं विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला, "मला काय अक्का, सातला सोडतो की. पण इंजिनेरसाहेबाची चिठ्ठी आणा. चिठ्ठीबिगर चावी फिरवली तर माझी नोकरी जाईल."

एक चिठ्ठी. त्या उन्हाळ्यात नरसम्माला एवढंच हवं होतं.

आता तिचं बैठकीला येणं. बैठक साडेपाचला, म्हणजे विड्या वळायच्या ऐन वेळी. दोन तास गेले की दुसऱ्या दिवशीचा आकडा भरत नाही. मी एकदा विचारलं, कसं जमवतेस? ती लाजली. म्हणाली, "बोळातल्या बायका वळतात की माझ्यासाठी." बैठकीच्या दिवशी आठ घरांतली प्रत्येक बाई तिच्या नावानं दोन-दोन जुड्या जास्त वळायची. आठ सुपं, आठ कात्र्या. सांजेला एकजण पदराखालून त्या जुड्या आणून तिच्या सुपात टाकायची. हे कुणी ठरवलं नव्हतं, कुठं लिहिलं नव्हतं. नरसम्मा आमच्या चौथीच्या वर्गात बसायची तेव्हा तिच्या मागे सोळा जुड्यांचं वजन असायचं. आमच्यापैकी दुसऱ्या कुणाच्या मागे काय होतं? बिराजदार वकिलांच्या मागे त्यांची टोपी खुंटीला टांगलेली असायची, एवढंच.

ती चार मेची बैठक. सुट्टीचे दिवस, वर्गात बंद हवेचा नि खडूचा वास. बाकं चौथीच्या मुलांची. दस्तगीरभाई अंगानं आडवे, एकदा बाकात शिरले की बैठक संपेपर्यंत निघायचे नाहीत.

"बाई, ये बेंच नै, चूहेदानी है," ते म्हणाले. "ठराव पास नै हुआ तो मैं इधरीच चौथी पास हो जाऊंगा."

"दस्तगीरभाई, कामकाज सुरू झालं आहे," वकीलसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले.

"हौ, हौ. लिखो बाई, दस्तगीर गप बैठा."

मागच्या चार बैठकांत लोकांनी सांगितलेलं सगळं मी वहीत टिपलेलं होतं. त्याची मी यादी केली होती. सतरा कलमं. गळके नळ, झाकण नसलेल्या टाक्या, टँकरच्या फेऱ्या, विहिरींचा गाळ. कलम नऊ मोठं होतं: नदीवरून शहरापर्यंत नवी मोठी जलवाहिनी टाकावी. ते वकीलसाहेबांच्या आग्रहाचं. कलम चौदा: विणकर वस्तीतील सार्वजनिक नळाची वेळ सकाळी सात ते आठ करावी. कलमांची वर्गवारी केली होती. समासात क्रमांक, लाल शाईनं. मी यादी वाचून दाखवली तेव्हा वकीलसाहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "याला म्हणतात ठराव."

नरसम्मा ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, माझं येगळं पाठवा की."

"वेगळं कशाला?"

"त्याला नुसती चिठ्ठी पायजे. त्या मोठ्या नळाबरोबर नको."

मी तिला समजावलं. मला ते वाक्य अजून पाठ आहे. "नरसम्मा, एकटा कागद हरवतो. एकत्र गेलं की वजन पडतं."

दस्तगीरभाई बाकातून म्हणाले, "बाई, दावत में जाके पयले पानी मांगते. पूरी दावत का हिसाब नै सुनाते."

सगळे हसले. मीही हसले. नरसम्मानं माझ्याकडे बघितलं, लाल शाईच्या आकड्यांकडे बघितलं, आणि म्हणाली, "तुमी शिकल्यालं हाय. तुमी म्हणता तसं." आणि वहीत आपला अंगठा नव्हे, सही केली. चार अक्षरं, एकेक करून. सही शिकायला तिनं त्या उन्हाळ्यातच सुरुवात केली होती.

ठराव एकमताने मंजूर. बैठक सात वाजून दहा मिनिटांनी संपली.

सल्लागार समिती म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. आता माहीत आहे. समिती ठराव करते. ठराव म्हणजे सल्ला. सल्ला महापालिकेच्या कचेरीत जातो, कचेरी त्याला विषय क्रमांक देते, मग तो नगरसेवकांच्या सभागृहापुढे येतो. सभागृह सल्ला वाचत नाही, सभागृह त्यावर निर्णय घेतं. निर्णय एका विषयावर एकच होतो. एका विषयात सतरा गोष्टी असल्या तरी निर्णय एकच. हे कुणी लपवून ठेवलेलं नव्हतं. विचारलं असतं तर कोणत्याही कारकुनानं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. यादी करताना मला फार बरं वाटत होतं.

सभेच्या दिवशी नरसम्मा आणि मी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसलो. वर पंखे होते, पण त्यांची हवा आमच्यापर्यंत येत नव्हती. नरसम्मा नवं लुगडं नेसली होती, सुताचा वास येत होता त्याला. ती सगळा वेळ ताठ बसून होती. एकवीस विषय होईपर्यंत दोन तास गेले. मग आमचा आला. कुणीतरी म्हणालं, वाचला असं समजावं. कुणीतरी म्हणालं, यातील कलम नऊ हे शासनाच्या मान्यतेचं आहे, तेव्हा ठराव शासनाकडे पाठवावा. दोन-तीन ठिकाणी बाकं वाजली. मान्य. पुढचा विषय.

सगळं मिळून चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही.

"काय झालं बाई?" नरसम्मा कुजबुजली.

"मंजूर झालं," मी म्हणाले. "आपला ठराव मुंबईला जातोय."

खरं सांगायचं तर मला तसंच वाटत होतं. बाहेर आलो तर वकीलसाहेब जिन्यात उभे, चेहरा फुललेला. "थेट मुंबई!" ते म्हणाले. "आजवर कुठल्या समितीचा कागद गेला होता मुंबईला?" त्यांनी आम्हाला उसाचा रस पाजला. दस्तगीरभाईंनी दोन ग्लास घेतले. नरसम्मानं रसाचा ग्लास दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू प्यायली, देवाचा प्रसाद घ्यावा तशी.

त्या संध्याकाळी बोळात तिला बायकांनी कुंकू लावलं. नरसम्माचा कागद मुंबईला गेला. कागद मुंबईला गेला म्हणजे आता इथल्या चावीवाल्याची काय बिशाद? दुसऱ्या दिवशी सात वाजता, हे तिनंच मला पुढं सांगितलं, आठ बायका घागरी घेऊन नळापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पाणी दहाला आलं.

तिसऱ्या दिवशीही उभ्या राहिल्या. आठवडाभर उभ्या राहत होत्या.

जूनच्या सुरुवातीला मी कचेरीत गेले. तिथले भाऊसाहेब, म्हमाणे त्यांचं नाव, पानाचा डबा बाजूला सारून फार अदबीनं बोलले. मला त्यांचा राग यावा असं त्यांनी काहीच केलं नाही.

"बाई, तो कागद वर गेलाय."

"हो, पण कलम चौदा इथलंच आहे. नुसती वेळ बदलायची."

"व्हय की. ते इंजिनेरसाहेबांच्या हातातलंच हाय." त्यांनी फायलीची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "सुटं लिहिलं असतं तर साहेबांनी त्याच दिवशी चिठ्ठी दिली असती. अशा चिठ्ठ्या आमी रोज देतो."

"मग आता द्या."

"आता कशी देणार? विषय शासनाकडं प्रलंबित. जे वर प्रलंबित हाय त्यावर खाली निर्णय घेता येत न्हाई. घेतला तर उद्या आमालाच विचारतील."

"कलम चौदा वेगळं काढून नवा ठराव केला तर?"

"करा की. पण समितीची मुदत तीस जूनला संपती. आणि नव्या ठरावावर पयला शेरा हाच पडणार, की हा विषय आधीच वर गेलाय."

मी उभी होते. ते म्हणाले, "बसा बाई, पाणी घ्या." आणि शिपायाला हाक मारली. कचेरीतला माठ गार होता. मी ते पाणी प्यायले.

मी गणित शिकवते. मुलींना सांगत असते की रीत बरोबर असेल तर उत्तर चुकलं तरी निम्मे गुण मिळतात. त्या दिवशी घरी येताना मला कळलं की रीत पूर्ण बरोबर असूनही शून्य मिळू शकतं. सगळ्यांची रीत बरोबर होती. सभागृहाची, म्हमाण्यांची, चावीवाल्याची. माझी तर सगळ्यात सुबक होती. दोष कुणावर टाकावा म्हणून मी पुष्कळ शोधलं. एखादा लबाड माणूस सापडला असता तर बरं झालं असतं. त्याच्याशी भांडता आलं असतं.

जूनमध्ये आभाळ भरून यायचं आणि कोरडंच पुढं जायचं. तीस जून आला. समितीच्या कार्याबद्दल आभाराचं पत्र आलं. माझं, वकीलसाहेबांचं, दस्तगीरभाईंचं, सगळ्यांचं सारखं, नाव तेवढं शाईनं भरलेलं. दस्तगीरभाई रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, मेरेकू आभार मिले. पूरी गर्मी में पयली चीज जो टाइम पे आई."

नरसम्मा जुलैत माझ्याकडे आली. दारात उभी राहिली, आत बसेना. मी तिला सगळं सांगितलं. कलम नऊ, शासन, प्रलंबित. तिनं मान हलवली. मला वाटतं तिला फार काही कळलं नाही, आणि जे कळायचं ते तिला चार मेलाच कळलं होतं.

मग ती म्हणाली, "बायका बोलत न्हाईत माझ्याशी."

"का?"

"म्हणतात, तू तिथं जाऊन बसायचीस, चा प्यायचीस, रस प्यायचीस. नळाचं बोललीच नसशील. आमी इथं तुझ्या इड्या वळत बसलो." तिनं पदर कमरेला घट्ट खोचला. "मी सांगितलं, मी बोलले. म्हणतात, बोलली असती तर झालं नसतं काय? चिठ्ठी तर पायजे होती."

बायकांचा तर्क बरोबर होता. इतकी साधी गोष्ट झाली नाही, म्हणजे मागितलीच नसणार. मागितली आणि आम्हीच ती सतरा कलमांत बांधून पाठवली, असं कुणाच्या मनात तरी कसं येईल? नळावर तिची घागर आता बायका मागे सरकवत. आली तर शेवटी. शेवटच्या घागरीला पाणी करंगळीएवढं येतं, आणि मग बंद होतं.

"बाई, तुमी एकदा येऊन सांगा," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील. म्हणा, नरसम्मा बोलली होती. येगळं पाठवा म्हणून बी बोलली होती. एवढंच सांगा. पाणी राहू दे."

मी म्हटलं, येते. उद्याच येते. तिच्या देखत वही काढून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत चाचणी परीक्षेचं काम निघालं. त्याच्या पुढच्या दिवशी मी निघालेही. बोळाच्या तोंडापर्यंत गेले. उंबऱ्या-उंबऱ्यावर बायका सुपं घेऊन बसल्या होत्या, कात्र्यांचा बारीक कचकच आवाज येत होता, तंबाखूनं नाक चुरचुरलं. एका ओळीत सात-आठजणी, गप्पा मारत. नरसम्मा पलीकडे, तिच्या दारात, एकटी. तिची माझ्याकडे पाठ होती. तिनं मला पाहिलं नाही.

नरसम्मा बोलली होती, एवढं सांगणं सोपं होतं. वेगळं पाठवा म्हणाली होती, हे सांगितलं की पुढचा प्रश्न येणारच होता. मग वेगळं का नाही पाठवलं? त्या बायकांपुढे उभं राहून मला म्हणावं लागलं असतं, की मला यादी करायची होती. मी वळले. येताना कोपऱ्यावरून कोथिंबीर घेतली, म्हणजे निघाल्याचं काहीतरी काम झालं असं वाटावं म्हणून.

त्यानंतर नरसम्मानं मला पुन्हा विचारलं नाही. एकदा बाजारात समोरून आली. "बरं हाय ना बाई?" एवढंच म्हणाली, आणि तेही अगदी मनापासून. ती आता ब्रँच उशिरा गाठते म्हणे. फाटकं पान घेते, पाणीही शेवटचं घेते. दोन्हीकडे शेवटी. बोळातली वेळ अजून दहाचीच आहे. चावीवाला तोच आहे. मुंबईहून काही आलं का, हे मी दर वर्षी मार्चमध्ये विचारून येते. म्हमाणे निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेला तरुण कारकून तितकाच अदबशीर आहे आणि तेच शब्द वापरतो.

नव्या समितीला मी हो म्हणणार आहे. त्यातून काही निघेल असं मला वाटत नाही. वेळ बदलणार नाही, वाहिनी येणार नाही, आणि उजनीचं धरण पूर्ण झालं की सगळं होईल असं जे सगळे म्हणतात ते मी लहानपणापासून वेगवेगळ्या नावांनी ऐकत आले आहे. नाही म्हटलं तर माझ्या जागी दुसरं कुणीतरी सुवाच्य अक्षराचं बसेल आणि मे महिन्यात यादी करील. मी हो म्हणते ते निदान या वर्षी एका कागदावर एकच ओळ लिहावी म्हणून. पण तो कागद गेला, तरी त्यावर पहिला शेरा कोणता पडेल तो मला पाठ आहे.

दर वर्षी एक जानेवारीला मी जुन्या वहीतली राहिलेली कामं नव्या वहीत उतरवते. बहुतेक वर्षी तीन-चार असतात. छत्री, विम्याचा कागद, बहिणीला पत्र. ती होतात. एक काम मात्र पाच वेळा उतरवलं आहे. आजही संध्याकाळी शाळेतून येताना मला वेळ होता, ऊन उतरलं होतं, आणि बोळ वाटेवरच आहे. मी सरळ घरी आले.

विणकर वस्तीतल्या बोळात जाऊन सांगणे: नरसम्मा बोलली होती. बाकी.